बोटांवरचा गूळ

गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झालेला आधी माझ्या बोटांना कळतो. वास मागाहून येतो. उचगावच्या माझ्या खोलीवरून डेअरीकडे जाताना उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, चिपाडांचा धूर धुक्यात मिसळलेला असतो, हे खरंच. पण त्याच्याही आधी कुणीतरी नव्या गुळाचा खडा हातावर ठेवलेला असतो. डेअरीच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई डब्यातून आणतात, गेटवरचे काका कागदाच्या पुडीतून देतात. आमच्याकडे नव्या गुळाला नाही म्हणत नाहीत. मी घेते, रुमालात बांधते, आणि मग दिवसभर बोट बोटाला चिकटत राहतं. स्कूटरच्या मुठीला, दुधाच्या नमुन्याच्या बाटलीला, दाराच्या कडीला. पुसून जात नाही तो चिकटपणा. धुवावाच लागतो. हे मला गेल्या हंगामात कळलं.

मला मधुमेह आहे. पहिल्या प्रकारचा, जो कोवळ्या वयात होतो आणि जन्मभर राहतो. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो कातडीखालची साखर मोजून आकडा फोनवर पाठवत राहतो. कमरेला पंप असतो. त्याच्या बारीक नळीतून पोटात थेंबाथेंबानं इन्सुलिन जातं. आणि हे सगळं अंगावर बांधून मी डोंगरात पळते.

डेअरीतल्या काकांना हे अजून पटलेलं नाही. "पोरी, एवढी पळतीस, तरी शुगर पळंना व्हय तुजी?" असं ते दर सोमवारी विचारतात आणि दर सोमवारी स्वतःच हसतात. मीही हसते. त्यांना काय सांगणार, की माझी साखर पळते तेव्हाच जास्त भीती असते. चढ चढताना ती अशी घसरते की पायाखालचा दगड घसरावा. म्हणून खिशात गोड ठेवायचं, पंप थोडा आवरता घ्यायचा, आकड्यावर डोळा ठेवायचा. करवंदीच्या जाळीत नळी अडकते, तिला हळूच सोडवायचं. घामानं सेन्सरची कड सुटते, तिच्यावर कापडी पट्टी मारायची. पहाटेच्या गारठ्यात बोटाचं रक्त तपासायचं यंत्र कुरकुरतं, त्याला मुठीत धरून ऊब द्यायची. लोक डोंगरात जातात मोकळं व्हायला. मी एवढा संसार घेऊन जाते, आणि तरीही मोकळी होते. पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर वारा कानात भरला की मी कुणाची पेशंट नसते.

आजार झाला तेव्हा मी बारावीला होते. परीक्षेच्या तोंडावर तहान लागायला लागली. रात्रीतून घागर संपायची. आई म्हणायची, अभ्यासाचा ताप आहे. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी दादाला समोर बसवून समजावलं, की हिच्या अंगातल्या राखणदारांनी हिच्याच अंगातल्या पेशी मारल्या. दादा म्हणाला, "म्हंजे घरच्यांनीच मारलं की." डॉक्टर हो म्हणाले. पुढे मी बी.एस्सी. केलं, त्या राखणदारांची नावं पाठ केली, त्यांच्यावर मार्कही मिळवले. पण दादाच्या त्या वाक्याहून जास्त मला अजून काही समजलेलं नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. नेसरीला आमची थोडी शेती. वडील गेल्यावर दादानं नववीतच शाळा सोडली आणि मला सोडू दिली नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीच्या दिवशीचा आमचा फोटो आहे; मी काळ्या झग्यात, तो पांढऱ्या शर्टात, आणि त्याच्या शर्टाला गुळाचा वास येत होता हे फोटोत दिसत नसलं तरी मला दिसतं. पंपही त्यानंच घेऊन दिला. त्यासाठी तो किती हंगाम राबला ते त्यानं सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. मी हे सगळं आधी सांगून टाकते आहे, कारण पुढचं सांगताना माझा आवाज कडवट होईल आणि ते वाचणाऱ्याला वाटेल, ही कृतघ्न आहे. मी कृतघ्न नाही. तोच तर अवघड भाग आहे.

दादा गुळव्या आहे. हंगाम सुरू झाला की तो नेसरीहून पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गुऱ्हाळावर येऊन राहतो. तिथं खोलीभर पसरलेली कढई असते, तिला काईल म्हणतात. तिच्यात उसाचा रस उकळतो, वर आलेली मळी काढत राहायची, रस आटत आटत दाट होतो, आणि मग एक क्षण असा येतो की तेव्हाच काईल उतरवावी लागते. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. दादा बुडबुड्यांकडे असा बघतो की पापणी हलत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, दोन बोटांत दाबतो आणि ओरडतो, "उचला!" त्या एका शब्दावर सगळी माणसं धावतात. दिवसभर साखरेकडे बघायचं हेच त्याचं काम. मग माझी साखर बघायला याच्याहून चांगला माणूस कोण, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं?

सेन्सरची एक सोय आहे. आपला आकडा आपल्या माणसाच्याही फोनवर दिसतो, आणि तो फार खाली गेला की त्याचाही फोन ओरडतो. मी दादाच्या फोनवर ते लावून दिलं. आईला मी एकटी डोंगरात जाणं पसंत नव्हतं, दादानं तिला सांगितलं, "मी हाय न्हवं बघायला. पळू दे तिला." त्या एका वाक्यावर मला डोंगर मिळाला.

आणि सुरुवातीला तो खरंच बघायचा. पठारावर पळता पळता फोन वाजायचा.

"सुमे, खाली आलीया. गूळ खा."

"खाते दादा, एवढा चढ संपू दे."

"चढ ऱ्हाऊ दे. आत्ता खा. चावल्याला आवाज येऊ दे मला."

मग मी वाऱ्यात उभी राहून फोन तोंडाजवळ धरून गुळाचा खडा कडाकडा चावायची आणि तो खाली काईलीजवळ उभा राहून ऐकायचा. "हां. आता पळ," म्हणायचा. आमची ही रीतच झाली. मागून जाळ घालणाऱ्या माणसांचा गलका ऐकू यायचा, कुणीतरी म्हणायचं, "भैन काय खातीया ते फोनवर ऐकतंय बघा येडं!" आणि दादा त्याला एक शिवी हासडायचा. त्या शिवीनंसुद्धा मला बरं वाटायचं.

मग हळूहळू दिवसाचे फोन थांबले. संध्याकाळचा तेवढा यायचा. "आज साखर झकास हुती की गं. बघत हुतो दिवसभर." मला वाटलं, माझा ताळमेळ जमला, आता खाली जातच नाही एवढी. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन मानतो.

तो रविवार. नेहमीप्रमाणे पहाटे स्कूटर घेऊन गुऱ्हाळावर गेले. बिनसाखरेचा चहा घेतला. दादानं पाक ओतून गार करायच्या वाफ्यातला, अजून कोमट असलेला गूळ फोडला आणि माझ्या ओंजळीत घातला. "घे, खिशात टाक." मी टाकला, बोटं पॅंटला पुसली आणि निघाले. चढ झाला, रान संपलं, पठार लागलं. गवत वाळून सोनेरी झालेलं, त्यावर दव. मला तो सगळा रस्ता लख्ख आठवतो. पुढचंच धुरकट आहे.

सेन्सरच्या इशाऱ्यानं फोन ओरडला. आकडा खाली चालला होता, बाणही खाली. पण मला काहीच होत नव्हतं. आदल्या रात्री मी त्याच दंडावर झोपले होते. दाब पडला की सेन्सर खोटा खालचा आकडा दाखवतो, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी शिकवलेलं पाठ होतं: शंका आली तर बोट टोच, बोटातलं रक्त खरं बोलतं. मी खडकावर बसले, यंत्र मुठीत उबवलं, बोट टोचलं. यंत्रानं दोनशे ऐंशी दाखवले. खूप जास्त. सेन्सर म्हणतो बुडालीस, बोट म्हणतं वर चढलीस.

मी फोनकडे बघितलं. सेन्सरचं खरं असतं तर एव्हाना दादाचा फोन आला असता. रेंज नसेल म्हणावं, तर डेअरीच्या ग्रुपवर शुभ सकाळची फुलं धडाधड येत होती. दादा गप्प होता. साखर उतरलेलं डोकं कसा हिशेब करतं ते मला आता कळतं; तेव्हा मला एवढंच वाटलं, की दादा बोलत नाही म्हणजे काही नाही. दोन यंत्रांच्या भांडणात मी त्याच्या गप्प बसण्याला साक्षीला घेतलं. पंपाला इन्सुलिन द्यायला सांगितलं. पंपानं थरथरून विचारलं, खात्री आहे? मी बटण दाबलं आणि पळायला उठले.

किती पळाले ते आठवत नाही. गवत उभं राहून माझ्याकडे येत होतं एवढं आठवतं. मग मी खाली बसले होते, घामानं निथळत होते, आणि समोर म्हशी. म्हशींच्या मागून एक बाई. पठारावरच्या वाडीतली, डोक्यावर घोंगडीची खोळ. भागाक्का तिचं नाव, हे नंतर कळलं.

"काय गं पावणे, सकाळ सकाळ पिलीस काय?"

मला बोलायचं होतं. तोंडातून काय आलं देव जाणे. भागाक्का नंतर सांगायची, "तू मला बारावीचा पेपर किती वाजता हाय म्हणून इचारत हुतीस. मी म्हटलं, मला काय ठाव बाई, मी दुसरी नापास!"

मी फक्त खिशावर हात आपटत राहिले. तिनं खिशात हात घातला, गूळ काढला, वास घेतला आणि थोडाथोडा माझ्या दातांखाली घालत गेली. "चाव. चाव म्हणते ना. गिळू नगंस, चाव आदी." एवढ्या मोठ्या पठारावर मी गूळ चावत होते आणि तो आवाज ऐकायला दादाऐवजी एक अनोळखी बाई आणि तिच्या म्हशी होत्या.

ती मला वाटेच्या तोंडापर्यंत सोडायला आली. गुऱ्हाळावर पोचेपर्यंत डोकं ताळ्यावर आलं होतं. दादा काईलीजवळ होता. त्यानं हात वर केला, "आलीस? आज लौकर?" मी नळाखाली हात धुतले, तोंड धुतलं, बाजेवर बसले आणि पुन्हा बोट टोचलं. सत्तरच्याही खाली. सेन्सरवरही तोच आकडा. तेव्हा मला माझ्या ओल्या, स्वच्छ बोटांकडे बघून कळलं. पठारावर मी रक्त तपासलंच नव्हतं. बोटावरचा गूळ तपासला होता.

एवढ्यात माझा फोन ओरडला. पठारावर घेतलेलं इन्सुलिन अजून अंगात होतं, साखर पुन्हा उतरत होती. मी गूळ तोंडात टाकला. आणि माझी नजर शेजारी गेली. बाजेवर, माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर, दादाचा फोन पडला होता. माझा फोन केकाटत होता आणि तो गप्प होता. मी उचलला. पडद्यावर माझं नाव होतं, त्याखाली लाल आकडा. आणि आवाजाच्या चित्रावर आडवी रेघ.

काईल उतरेपर्यंत मी थांबले. त्याचं काम मी मोडलं नाही. पाक वाफ्यात ओतला गेल्यावर तो घाम पुसत आला आणि माझ्या हातात त्याचा फोन बघून उभाच राहिला.

"हे कधीपासून बंद आहे, दादा?"

"ते व्हय... दिवाळीच्या मागनं."

"का?"

"अगं, काईल यायच्या टायमाला केकाटलं ते. मी दचकलो. तेवढ्यात पाक फुडं गेला, सगळी काईल काळी पडली. मालकानं धा माणसांत काढली माझी."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं आसतं तर तू पळायची थांबली आसतीस."

"मग थांबले असते!"

"आन् आई म्हटली आसती, बरं झालं. मी हाय म्हणून तू जात हुतीस, सुमे. न्हाय म्हणायला माजं तोंड उचलंना." मग म्हणाला, "आन् रोज सांजच्याला बघत हुतो की मी. एकदा तरी बघत हुतो."

जाळ घालणारी माणसं आमच्याकडे बघत होती. मी पठारावर काय झालं ते सांगितलं. दादाचा चेहरा उतरला. तो बाजेच्या कडेला बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून राहिला. त्याच्या बोटांवर पाकाचे जुने डाग आहेत, भाजल्याचे. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ज्या माणसानं आपल्याला शिकवलं, त्याच्यावर ओरडायचे शब्द त्यानं शिकवलेले नसतात. मी एवढंच म्हणाले, "मी कुणाच्या भरवशावर पळत होते मग?"

त्यानं फोन घेतला, माझ्यासमोर आवाज चालू केला. "हे बघ. झालं. आता न्हाय बंद करायचा." डोळे पुसले. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं मिटलं. मलाही वाटलं.

पण मिटत नाही. सेन्सर खोटं बोलला तर मी त्याला दोष देत नाही. ते प्लास्टिक आहे, त्याच्यावर झोपलं की ते चुकतं. यंत्र बोटावरच्या गुळाला रक्त समजलं, त्याला काय माहीत आमच्याकडे गूळ हातावर देतात. माझ्याच अंगातल्या राखणदारांनी मला फसवलं, तेही आंधळे. दादा आंधळा नव्हता. तो रोज संध्याकाळी फोन उचलून, विचार करून, "बघत हुतो दिवसभर" म्हणत होता. आणि त्या शब्दांवर मी दर रविवारी वाऱ्यात धावत सुटत होते, मागं कुणीतरी उभं आहे असं समजून. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की ते दिवस फार सुखाचे होते. आता आठवताना मी त्या पठारावर स्वतःला पळताना बघते आणि त्या मुलीची मला लाज वाटते, दयाही येते. तिला कुणी बघत नाही, आणि ती किती खुशीत आहे.

यंदा पुन्हा हंगाम आला. दिवाळीत मी नवा फोन घेतला. नव्या फोनवर ती सोय नव्यानं लावावी लागते; आपल्या माणसाला एक निरोप जातो, त्यानं तो उघडून हो म्हटलं की आकडा त्याच्याकडे जायला लागतो. दादा गुऱ्हाळावर आला त्याच दिवशी मी निरोप पाठवला आणि फोन केला.

"दादा, मेसेज आलाय बघ माझा. उघड आणि हो म्हण."

"म्हणतो की. काईल उतरली की म्हणतो."

माझ्या फोनवर त्याच्या नावापुढे लिहून आलं, अजून स्वीकारलेलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मुद्दाम आठवण केली नाही. तो विचारेल म्हणून थांबले. सुमे, तुजा आकडा दिसंना झालाय गं, काय झालं? एवढं एक वाक्य. रविवारी पठारावर गेले, भागाक्कानं लांबूनच हाक मारली, "पेपर कवाचा हाय गं आज?" मी हसले, हात हलवला, पळत राहिले. खिशात दादाचाच गूळ, पण आता घट्ट झाकणाच्या डबीत, आणि हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली. एवढं वजन वाढलं आहे.

काल संध्याकाळी जेवायला बसणार तेवढ्यात त्याचा फोन आला. मागं चिपाडं तडतडत होती. आईची चौकशी झाली, उसाच्या भावाला शिव्या घालून झाल्या. मग तो म्हणाला, त्याच प्रेमळ, दमलेल्या आवाजात,

"आज साखर झकास हुती की गं. बघत हुतो दिवसभर."

फोन कानावरून काढून मी डोळ्यांसमोर नेणार होते, त्याच्या नावापुढची ती ओळ, अजून स्वीकारलेलं नाही, पुन्हा वाचायला. नेला नाही. पाठ झाली आहे.

"व्हय, दादा," मी म्हणाले.

मग नळ सोडला. साबण लावून दोन्ही हात धुतले, एकेक बोट पुसून कोरडं केलं, आणि सुई टोचली.